कुंपणापलीकडच्या माद्या

वनखात्याचा साहेब कासववालीच्या स्वयंपाकघरात शिरला तो बुटांसकट. आधी त्याने पाण्याच्या पिंपात डोकावून पाहिलं, मग शिपायाकडून कोपऱ्यातल्या टोपल्या उलट्या करून घेतल्या, आणि शेवटी कालच्या रश्शाच्या पातेल्यावरचं झाकण स्वतः उचलून नाक खाली नेलं. रस्सा माशांचा होता. त्याने झाकण परत ठेवलं, तेही तिरकं.

कासववाली ओले हात तसेच धरून दाराशी उभी होती. साहेब तिच्या घरात अंडी शोधत होता. समुद्रकासवांची अंडी, जी कुत्र्यांच्या, कोल्ह्यांच्या आणि माणसांच्या तोंडातून काढून कुंपणात नेऊन पुरण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. गावाने तिचं नावच त्यावरून पाडलं होतं. आता तीच ती अंडी विकते असा संशय होता, आणि तो फेडून घ्यायला शिपाई तिच्या अंथरुणाच्या घड्या विस्कटत होता.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," साहेब बाहेर येऊन म्हणाला. "वरून विचारणा झाली आहे. गणिताप्रमाणे घरटी वाढायला पाहिजेत. तुमच्याकडे दर वर्षी कमी होताहेत. मग मधल्यामध्ये अंडी जातात कुठे?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो अंगणात जाळ्याचा ढीग मांडीवर घेऊन फाटका भाग विणत बसला होता. धाकटा दीर पायरीवर बसून दात कोरत होता. दोघांची मिळून एक ट्रॉलर होती आणि गावात दोघांच्या शब्दाला वजन होतं. त्या वजनातला एक शब्दही त्यांनी त्या दिवशी खर्च केला नाही. साहेब गेल्यावर दीर म्हणाला, वहिनी, चहा टाका, डोकं दुखायला लागलं. डोकं म्हणे त्याचं दुखत होतं.

गणित होतं भाचीचं. नवऱ्याच्या बहिणीची ही मुलगी शाळेच्या सुट्ट्या याच घरात काढून वाढली. मामीच्या मागे वाळूत धावायची, पिल्लं समुद्रात सोडताना भोकाड पसरायची. आता ती शहरातल्या एका संस्थेत होती आणि कासवांचं पुढे काय होणार ते संगणकावर मांडून सांगायची. कासवं वाचवायचे तीन मार्ग तिने एकमेकांशी ताडून पाहिले होते. एक, किनाऱ्यावरचं कुंपण वाढवायचं. दुसरा, माद्या येतात त्या महिन्यांत किनाऱ्याजवळ मासेमारी बंद ठेवायची. तिसरा, ट्रॉलरच्या जाळ्यात गजांची चौकट शिवायची. मासळी गजांमधून मागच्या पिशवीत जाते आणि कासव गजांवर आपटून वरच्या फटीतून बाहेर सुटतं. प्रत्येक मार्गाची तिने एकेक रेघ काढली. कुंपणाची रेघ छान वर चढत होती, आणि बाकीच्या दोन तिच्याहून फारशा वर नव्हत्या. खातं खूश झालं. कुंपणाला काय लागतं, बांबू, जाळी आणि एक बाई. बोटवाल्यांशी भांडण नाही, काही नाही. बोटवाले तर साहेबाच्या पाया पडायचेच बाकी राहिले होते.

कासवांनी मात्र ती रेघ वाचलेली नव्हती. रेघ वर गेली आणि घरटी खाली आली. आता रेघ संगणकातून आलेली, म्हणजे खरीच असणार. मग खोटी कोण, तर वाळूत अनवाणी चालणारी बाई.

झडतीची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. नळावर बायका तिला आधी पाणी भरू द्यायला लागल्या, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. एकीने लाडात येऊन विचारलं की कासवाच्या अंड्याला मीठ कमी लागतं का. बाकीच्या पदराआड हसल्या. कासववाली घागर अर्धी भरलेली उचलून निघून आली, आणि घरी येऊन तिने अर्ध्या घागरीत सगळ्यांची आंघोळ उरकायला सांगितली.

काम थांबवता येत नव्हतं. मोसम चालू होता. उजाडताच बादली घेऊन निघायचं, वाळूवर मादीच्या वर चढलेल्या खुणा शोधायच्या, काठी टोचत टोचत भुसभुशीत जागा हेरायची, मग पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घालून एकेक अंडं वर काढायचं. नखांखालची वाळू वर्षानुवर्षं तिथेच होती. उजवा खांदा आता वर जात नव्हता, केस विंचरायलासुद्धा. यंदा ती खडकापर्यंत जाऊन रिकाम्या बादलीने परत यायची. येताना वाटेतली माणसं आधी बादलीत बघायची आणि मग तिच्या तोंडाकडे.

नवरा म्हणाला, महिनाभर गप्प राहा, लोक विसरतात. ती म्हणाली, तुम्ही साहेबाला दोन शब्द का नाही ऐकवले. तो म्हणाला, सरकारी माणसाच्या तोंडी कशाला लागायचं. एरवी हा माणूस डिझेलच्या पंपावर थेंबासाठी कॉलर धरायचा.

तिने भाचीला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलली. भाचीने ऐकून घेतलं. दोन दिवसांनी पाठीला पिशवी लावून ती दारात उभी राहिली आणि सामान न ठेवताच मामीमागे कुंपणावर गेली.

"मामी, बस ना."

"बसायला वेळ नाही. बोल."

भाचीने बांबूच्या टोकाने वाळूत पाच चौकोन काढले. अंडं, पिल्लू, अर्धवट वाढलेलं, मोठं, आणि अंडी घालणारी मादी. दर वर्षी एका चौकोनातून पुढच्यात किती जातात आणि किती मरतात, एवढंच आपण मांडतो, असं तिने समजावलं. मामीला ते एका दमात समजलं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"आणि त्यात मी चोर निघाले."

"मी चोर म्हटलेलं नाही."

"तुझ्या रेघेने म्हटलं. तिच्या जिवावर पोलिसासारखा माणूस माझ्या घरात शिरला."

भाचीचे कान लाल झाले. तिने बांबूने शेवटचे दोन चौकोन पुन्हा गिरवले. "तू सुरुवातीला सोडलेली पिल्लं आता मोठी होऊन इथे यायला हवीत, मामी. म्हणून रेघ वर जाते. तू ती सोडलीस, मी स्वतः पाहिलंय. मग आली का नाहीत? मला वाटतं, मोठी झाल्यावर मरताहेत. आणि हजार अंड्यांमागे एखादीच मादी इथवर पोचते. ती मेली की तुझी हजार अंडी गेली. मग कुंपण दुप्पट कर, चौपट कर, काही उपयोग नाही."

"म्हणजे मी एवढी वर्षं वाळू चिवडत बसले?"

"कुंपणाने त्यांना वेळ मिळवून दिला. एकट्या कुंपणाने भागत नाही."

"हे आधी का नाही मांडलंस?"

"मांडलं होतं. मोठी किती मरतात ते किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या कासवांवरून धरलं. आकडे तूच द्यायचीस. आधी दर मोसमात ढिगाने लागायची. मग एकदम थांबली."

ते खरं होतं. ज्या वर्षी किनाऱ्यावरच्या मेलेल्या कासवांचे फोटो पेपरात आले आणि खात्याने बोटवाल्यांना दंड केला, त्याच्या पुढच्या वर्षापासून किनारा स्वच्छ राहिला. कासववालीला हायसं वाटलं होतं. एकेक धूड ओढत नेऊन पुरायचं म्हणजे कंबरेचा काटा ढिला व्हायचा. लोक सुधारले, असं ती पाहुण्यांना अभिमानाने सांगायची.

"खरंच थांबली का?" भाचीने विचारलं. "मामाला कधी विचारलंस?"

"मामाचं नाव काढू नको. त्याच्या जाळ्यातलं खाऊन शिकलीस."

आपण उगाच बोललो असं कासववालीला लगेच वाटलं, पण शब्द मागे घ्यायची तिला सवय नव्हती.

संध्याकाळी ती नवऱ्याबरोबर जाळं विणायला बसली. हे त्यांचं लग्नापासूनचं काम; समोरासमोर बसायचं, मधे जाळं, दोघांच्या हातात सुई. नवरा डावखुरा. त्याची गाठ उलट्या अंगाने पडायची, आणि तिच्या विणीला त्याची वीण जिथे मिळे तिथे तिला प्रत्येक गाठ हाताने सारखी करावी लागायची. त्या दिवशी तो मोकळा बोलला. भाचीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की कुंपणच खरं आहे, चौकटीबिकटीची थेरं हवीत कशाला, आणि तुझ्या मामीसारखी बाई पंचक्रोशीत सापडणार नाही. एवढ्या वर्षांत असं काही त्याच्या तोंडून आलं नव्हतं. झडतीचं दुःख तिथल्या तिथे निम्मं झालं तिचं. जेवताना तिने त्याला माशाचा मधला तुकडा वाढला.

मग दोन दिवस वारा सुटला. बोटी घाईघाईने आत आल्या, समुद्राने तळ ढवळला. वारा पडला त्या सकाळी कासववाली बादली घेऊन निघाली, तर कुंपणाच्या अलीकडेच मादी पडली होती. मोठी, तिला दोन्ही हातांनी कवेत घेता आली नसती अशी. पाठीवर शेवाळ, डोळ्यांच्या जागी खेकड्यांनी केलेली भोकं. मागच्या पायाशी, जिथे पोटाचं कवच संपतं आणि मऊ कातडी सुरू होते, तिथून सुरीने सरळ फाडलेली होती. त्या फाटीतून अंडी बाहेर आली होती. पांढरी, गोल, वाळूत लोळत पाण्याच्या रेषेपर्यंत गेलेली.

कासववाली गुडघ्यांवर बसली आणि अंडी गोळा करायला लागली. हातांना सवय होती, ते आपोआप चालले, अंडं वर-खाली न करता अलगद उचलून बादलीत. बादली निम्मी भरल्यावर तिच्या लक्षात आलं की यांतून काही निघणार नाही. आईच्याच पोटात मेलेली होती ती. तिने हात थांबवले. मग तिला पुढच्या पायाला बांधलेलं गोणपाट दिसलं. खडकावर घासून ते फाटलं होतं आणि आतला दगड गळून गेला होता, म्हणूनच ही मादी वर आली होती. गोणपाट हिरव्या सुताने बांधलेलं होतं. गाठ उलट्या अंगाची होती.

तिने ती गाठ बोटांनी चाचपली. डोळे मिटून चाचपली असती तरी तिला कळलं असतं. साहेबाने पातेलं हुंगलं तेव्हा आला नव्हता एवढा राग तिला आला होता, आणि त्यातला बराचसा स्वतःचाच होता, कारण त्या रात्री माशाचा मधला तुकडा तिने त्याला स्वतःच्या हाताने वाढला होता.

घरी येऊन तिने बादली नवऱ्यासमोर ठेवली. दीरही तिथेच होता.

"साहेब शोधत होता ती अंडी," ती म्हणाली. "सापडली."

नवऱ्याने बादलीत पाहिलं आणि सुई खाली ठेवली. बोलला तो दीर. वहिनी, सगळेच करतात, तो म्हणाला. जाळ्यात अडकून वर येतं ते बुडून मेलेलंच असतं, आम्ही काय हौसेने मारतो? मेलेलं तसंच टाकलं तर फुगून किनाऱ्याला लागतं आणि दंड बसतो. पोट फाडून दगड बांधला की तळाला बसतं. त्याने हे असं सांगितलं, जणू मासळी बर्फात कशी लावावी तेच सांगतोय.

"तुझ्याही भल्याचंच होतं," नवरा हळूच म्हणाला. "तुझ्या कुंपणासमोर मढी पडलेली बरी दिसली असती का?"

"साहेब माझी भांडी हुंगत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच होतो."

"इथेच होतात. माहीत असून होतात. बायकोला चोर म्हणतात आणि तुम्ही जाळं विणता."

"मग काय करायला हवं होतं? तोंड उघडलं की परवाना जातो. दोन घरं या बोटीवर उभी आहेत. तुला कोणी फासावर देत नव्हतं. चार दिवस बोलले असते."

भाची आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कासववाली तिला म्हणाली, की खात्याने कुंपणाचं ठरवायला बोलावलेल्या सभेत तू यातलं काही बोलायचं नाहीस, बोलायचं ते मी बोलेन. भाचीने मान हलवली. त्या दिवशी घरात कोणी कोणाला वाढलं नाही. ज्याने त्याने घेतलं आणि खाल्लं.

सभा गावाच्या सभागृहात होती. भिंतीवर पडदा, पडद्यावर भाचीच्या रेघा, पुढच्या खुर्च्यांवर बोटवाले, मागे बायका. साहेबाने छान भाषण केलं. कुंपण वाढवायचं ठरलं आहे, चौकटीची सक्ती नाही, बंदी नाही. फक्त चौकशी पूर्ण होईपर्यंत राखणीला दुसरं माणूस नेमू, बाईंनी तोवर विश्रांती घ्यावी. "कोणाची हरकत?" त्याने विचारलं.

बोटवाल्यांच्या वतीने उठायचं काम नेहमी तिच्या नवऱ्याचं. तो उठला. त्याने मागे पाहिलं नाही. "आमची हरकत नाही," तो म्हणाला आणि बसला.

टाळ्या संपायच्या आत कासववाली उभी राहिली होती.

"माझी आहे," ती म्हणाली. "त्या रेघेत मेलेली कासवं घातलेली नाहीत. ती घाला, आणि मग मला घरी बसवा."

"किती मेलेली, मामी?" भाचीने विचारलं.

"मला काय माहीत? माझा किनारा स्वच्छ होता. दगड बांधून बुडवलेली यांना विचार. तुझ्या मामापासून सुरुवात कर."

नवरा समोरच्या पडद्याकडे बघत राहिला. मागच्या रांगेतला एक बोटवाला शेजाऱ्याला कोपर मारून हसला, आणि तेवढ्याने काम केलं. दीर ताडकन उठला. आमच्याच बोटीचं नाव का, त्याने विचारलं, आणि हसतोस काय, गेल्या मोसमात तुझ्या बोटीवर एका खेपेत चार आली होती, मी पाहिलंय. तो बोटवाला उठला आणि म्हणाला, चार माझी, तर तुझी किती ते सांगू का. तिसरा मधे पडला, तर त्याचाही आकडा कोणीतरी काढला. या गावात स्वतःच्या जाळ्यात काय आलं ते कोणी सख्ख्या भावाला सांगत नाही, पण शेजारच्या बोटीवर काय चढलं ते प्रत्येकाला पाठ असतं. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मासळीवर डोळा ठेवून जगलेली माणसं ती. कोणी आपलं कबूल केलं नाही, आणि तरी कोणाचं लपलं नाही. साहेब शांत राहा, शांत राहा म्हणत होता. भाची मान खाली घालून ऐकत होती आणि आकडे संगणकात टाकत होती.

आरडाओरडा जरा ओसरला तेव्हा तिने रेघा पुन्हा काढल्या. ही मोजणी पक्की नाही, दोन जणांनी एकच कासव सांगितलं असेल, असं ती आधीच म्हणाली. लोकांनी सांगितलेल्या आकड्यांच्या निम्मेच तिने धरले. तरी कुंपणाची रेघ घसरत जाऊन तळाला टेकली. कुंपण दुप्पट केल्यावर ती थोडी उशिरा टेकली, एवढाच फरक. काही महिन्यांच्या बंदीची रेघ तशीच, जरा सावकाश. एकट्या चौकटीची रेघ आधी खाली गेली, बराच काळ आडवी चालली आणि मग अगदी हळू वर वळली. चौकट आणि कुंपण दोन्ही धरल्यावर वळण थोडं लवकर आलं. मागच्या बायकासुद्धा पुढे वाकून बघत होत्या. आपल्या गावच्या समुद्राचं काय होणार ते भिंतीवर सरळ दिसत होतं, त्याला शिक्षण लागत नव्हतं.

"बंद करा ते," साहेब म्हणाला. मग घसा खाकरून त्याने जोडलं, "बाई, तुमची बाजू स्पष्ट झाली."

माफी असा शब्द त्याच्या खात्यात नसावा.

पुढचं खात्याच्या चालीने झालं. चौकट शिवल्याशिवाय एकही ट्रॉलर बंदरातून सुटणार नाही असा हुकूम आला. बोटी बांधून पडल्या आणि गावाने त्याचं खापर कासववालीवर फोडलं. चोर म्हणणाऱ्या बायका आता तिला घरबुडवी म्हणायला लागल्या. जावेने बोलणं टाकलं. कुंपण ठेवलं, पण निम्म्याने कमी केलं, कारण आता खात्याचं लक्ष चौकटीवर होतं. ज्या दिवशी बांबू उपटले त्या दिवशी ती तिथे गेली नाही. भाची जाताना पाया पडायला वाकली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की पुढच्या वेळी कोणाच्या आकड्यावर विसंबण्याआधी त्याच्या घरात चार दिवस राहून बघ. भाची हो म्हणाली. मग दोघी थोडं रडल्या, आणि रडताना कासववाली तिच्यावर रागावलेलीच होती.

चौकट आली ती लोखंडी, पुरुषभर उंच, अंगणात मावेना. ती जाळ्यात तिरकी शिवायची होती, आणि दोन्ही बाजूंनी एकदम ओढ धरल्याशिवाय ती बसत नव्हती. दीराने हात लावायचं नाकारलं. म्हणून नवरा एका बाजूला बसला आणि ती दुसऱ्या. उन्हात गज तापले होते, धरवत नव्हते. तिचा खांदा सुईच्या प्रत्येक फेऱ्याला ठणकत होता. ती गाठी अशा आवळत होती की सूत करकरत होतं. सभेपासून ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

अर्धी चौकट शिवून झाल्यावर त्याने घाम पुसला. गजांमधून तो तिच्याकडे बघत राहिला. वाकलेला, उन्हाने रापलेला, आता थोडा म्हातारा दिसणारा माणूस.

"किती दिवस अशी तोंड फिरवून बसणार आहेस?" त्याने विचारलं.

तिने सुतावर दात ठेवून ते तोडलं.

"अंड्यातून निघालेलं पिल्लू मादी होऊन परत यायला किती वर्षं लागतात, तेवढी."

हिशेब त्याला करता येत होता; तोवर दोघांपैकी कोण असेल कोण जाणे. तिने नवीन सूत ओवलं आणि त्याचं टोक गजांमधून त्याच्याकडे सरकवलं.

"धरा," ती म्हणाली. "सैल सोडू नका."